थोडंच राहिलं

बालीतल्या बातुर पर्वताच्या पायथ्याशी, सकाळी नऊच्या सुमारास, मी एका वाक्याचा चुकीचा अनुवाद केला. जाणूनबुजून केला. पंधरा-वीस वर्षं हेच काम करत असल्यामुळे चुका मला नवीन नाहीत. एखादा शब्द निसटतो, एखादी म्हण हाती लागत नाही, पुढच्या आवृत्तीत दुरुस्ती करता येते. पण ही चूक नव्हती, ते खोटं होतं. आणि ते मी कुणाच्या भल्यासाठी बोलले, हे मला अजून नीट ठरवता आलेलं नाही.

बातुर 1717 मीटर उंच आहे, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा फक्त 71 मीटरनं जास्त. पायथ्याचं तळंच हजार मीटरवर असल्यामुळे प्रत्यक्षात चढायचं असतं सातशेएक मीटर. बालीला सुटीवर जाणारे पुष्कळ लोक हा सूर्योदय बघायला जातात. रात्री दोनला उबुडमधल्या हॉटेलवर गाडी येते, चारच्या आत तळ्याकाठी पोचायचं, डोक्याला बॅटरी बांधायची आणि स्थानिक वाटाड्याच्या मागोमाग चालू लागायचं. आमच्या गटात पाच जण होते: दोन ऑस्ट्रेलियन मुली, आपल्याकडचं एक नवविवाहित जोडपं, आणि मी. वाटाड्या तिशी-पस्तिशीचा. बालीत नावावरून माणूस घरातलं कितवं अपत्य ते कळतं. हा तिसरा होता. मला तो 'इबू' म्हणायचा. इंडोनेशियन भाषेत इबू म्हणजे आई, आणि वयानं मोठ्या बाईला मानानं मारायची हाकही. आपल्याकडचं कुणी आहे म्हटल्यावर त्यानं आपला हिंदीचा साठा बाहेर काढला: चलो चलो, धीरे धीरे, पानी, बस.

काळोखात आम्ही ज्यावरून चालत होतो तो काळा, कुरकुरीत, पायाखाली सरकणारा दगड फार जुना नव्हता. सह्याद्रीही लाव्ह्याचाच, पण त्याला साडेसहा कोटी वर्षं झाली. त्याच्यावर आपण किल्ले बांधले, देवळं बांधली, तो कधी वितळलेला होता हे विसरून गेलो. बातुरला असं विसरणं परवडत नाही. 1917 साली इथे भूकंप आणि उद्रेक झाले, बालीत हजाराहून अधिक माणसं गेली. 1926च्या उद्रेकात लाव्ह्यानं बातुर गाव आणि तिथलं देऊळ गाडून टाकलं. लोकांनी तळ्याच्या देवीला, देवी दानूला, सोबत घेतलं आणि वर, ज्वालामुखीच्या जुन्या प्रचंड कढईच्या काठावर, गाव आणि देऊळ दोन्ही नव्यानं वसवलं. खालच्या भातखाचरांना पाणी देणारी देवी तीच. त्यामुळे डोंगर जाळतो, आणि त्याच डोंगराच्या कुशीतलं तळं जगवतं. वाटाड्यानं हे सगळं एका दमात, चढता चढता सांगितलं. पुढच्या वळणावर म्हणाला, “सदिकित लागी, इबू.” थोडंच राहिलं.

थोडंच राहिलं नव्हतं. पुढच्या तासाभरात हे वाक्य मी निदान दहा वेळा ऐकलं. प्रत्येक वेळी ते खोटं होतं आणि प्रत्येक वेळी मी त्यावर विश्वास ठेवला. माझा दम लागत होता, गुडघा दुखत होता. त्या नव्या नवरीनं एका ठिकाणी बसकण मारली आणि मी इथेच थांबते म्हणाली. तो तिच्याशेजारी उकिडवा बसला, तिला पाणी दिलं आणि म्हणाला, “दस मिनट.” चाळीस मिनिटं लागली. पण ती वर आली.

वर ढग होता.

नुसता ढग म्हणजे आकाशातला नव्हे. आम्हीच ढगात होतो. समोर आगुंग पर्वत दिसतो, त्यापलीकडे समुद्रात लोंबोक बेटावरचा रिंजानी, खाली तळं, असं सगळं सांगितलं गेलं होतं. दिसत होती फक्त एकमेकांची तोंडं. सहा वाजले, सव्वासहा झाले. पांढरं थोडं पिवळट झालं, आणि तेवढाच काय तो सूर्योदय. मी वाटाड्याला विचारलं, “नाही का दिसणार?” तो म्हणाला, “बलुम.”

इंडोनेशियन भाषेत नकाराला जो एक शब्द आहे, त्याहून 'बलुम' वेगळा. बलुम म्हणजे 'अजून नाही'. लग्न झालंय का, असं कुणी विचारलं तर सत्तर वर्षांचा ब्रह्मचारीसुद्धा 'बलुम' म्हणू शकतो. दार पुरतं बंद न करण्याची ही रीत आहे. पुढची दोन तास तो दर थोड्या वेळानं पूर्वेकडे बघून बलुम म्हणत राहिला. मधूनच त्यानं माझा हात धरून खडकातल्या एका भेगेवर ठेवला. आतून गरम, ओली वाफ येत होती. त्याच वाफेवर त्यानं आमच्यासाठी अंडी उकडली होती, केळी शिजवली होती. थंडीत ते गरम अंडं मुठीत धरून बसताना मला पहिल्यांदा खरंच वाटलं की आपण एका जिवंत गोष्टीच्या अंगावर आहोत. सूर्य नसला तरी चालेल, असं मला वाटलं. पण ते वाटणं माझं होतं. पैसे सगळ्यांनी दिले होते, आणि सूर्योदय बघायलाच दिले होते.

2023 साली बालीच्या राज्यपालांनी, वायान कोस्तर यांनी, जाहीर केलं होतं की बेटावरचे सगळे, म्हणजे बावीस, डोंगर पवित्र आहेत. धार्मिक कारणाशिवाय तिथे कुणी चढू नये. त्याची अंमलबजावणी तशी झाली नाही, हे आम्ही तिथे बसलो होतो यावरूनच उघड होतं. त्याबद्दल विचारलं तेव्हा वाटाड्या म्हणाला, “राज्यपालांचं खरं आहे.” थोड्या वेळानं म्हणाला, “घरी कांद्याचं शेत आहे. पण लहान आहे.” दोन वाक्यांमध्ये त्यानं कुठलाच 'म्हणून' घातला नाही.

खाली उतरल्यावर गाडीपाशी टिप द्यायची वेळ आली. जोडप्यातला नवरा हिंदीत, मोठ्यानंच, बायकोला म्हणाला की सूर्य दिसलाच नाही, वर दर दहा मिनिटांनी हा माणूस खोटं बोलत होता, त्याला वेगळे पैसे कशाचे द्यायचे. मग ती दोघं गाडीत जाऊन बसली. वाटाड्या माझ्याकडे वळला आणि इंग्रजीत विचारता झाला, “ते काय म्हणाले, इबू?”

मी म्हणाले, “दमलेत, म्हणतायत.”

एवढंच. कुणाचं काही बिघडलं नाही. तरी परतीच्या वाटेवर उबुडपर्यंत मी या एका वाक्याशी भांडत राहिले.

तत्त्वज्ञानाच्या पुस्तकांत या प्रश्नाची एक प्रसिद्ध जागा आहे. 1797 साली कांटनं एक छोटा निबंध लिहिला. दारात खुनी उभा आहे आणि विचारतो आहे की तुझा मित्र घरात लपलाय का. तरीही, कांट म्हणतो, खोटं बोलण्याचा हक्क तुला नाही. विद्यार्थिदशेत हे वाचून आम्ही हसलो होतो. आता हसू येत नाही, कारण कांटच्या उदाहरणात निदान खोट्याचं कारण मोठं आहे. माझ्या दारात कुणी खुनी नव्हता. एक माणूस होता, आणि आपल्याबद्दल काय बोललं गेलं हे त्याला जाणून घ्यायचं होतं. ते वाक्य त्याच्याबद्दलचं होतं. त्यावर पहिला हक्क त्याचा होता.

आपल्या परंपरेतलं उदाहरण मला जास्त जवळचं वाटतं. युधिष्ठिराचा रथ जमिनीपासून चार अंगुळं वर चालायचा. द्रोणांना अश्वत्थाम्याबद्दल अर्धवट सांगितल्यावर तो जमिनीला टेकला. तिथे खोट्याची शिक्षा म्हणजे नरक नव्हे. फक्त इतरांसारखं होणं. अनुवादकाचा रथही असा थोडा वरून चालतो, असं आम्हाला वाटत असतं. दोन बाजूंच्या मधे आपण आहोत, आपलं कुणाशी वाकडं नाही, आपण फक्त पोचवतो. त्या सकाळी माझी चाकं जमिनीला टेकली.

पण मग वाटाड्याच्या 'थोडंच राहिलं'चं काय? तोही रात्रभर खोटंच बोलत होता, आणि त्याबद्दल मला राग नाही, कृतज्ञता आहे. हा भेद मी माझ्या सोयीनं करते आहे का? मी स्वतःला हे पुष्कळदा विचारलं. उत्तर मिळालं ते असं. त्याचं खोटं अंतराबद्दल होतं, आणि ते अंतर माझ्याबरोबर तोही चालत होता. त्याच्या वाक्याचा खरा अर्थ 'दहा मिनिटं' असा नव्हताच. 'मी आहे, चला' असा होता. ते तपासून बघायला मी मोकळी होते: पुढचं वळण आलं की खरंखोटं कळणारच होतं. माझं खोटं तपासता येण्यासारखं नव्हतं. ते त्याला कुठे घेऊन जात नव्हतं. मला मात्र त्या अवघड क्षणातून सोडवत होतं. खरं सांगितलं असतं तर मला पुढे काहीतरी करावं लागलं असतं. गाडीत बसलेल्या माणसाशी बोलावं लागलं असतं, त्याला सांगावं लागलं असतं की तुमची बायको या 'खोट्या' माणसामुळेच वर पोचली. पाच तासांचा परतीचा प्रवास नव्हता तो, तास-सव्वातासाचा होता. तेवढीही अवघड शांतता मला नको होती.

आणि त्या नवऱ्याचीही बाजू आहे, ती मी त्या वेळी मनातसुद्धा मांडली नाही. त्यानं लग्नानंतरच्या पहिल्या प्रवासासाठी पैसे साठवले असतील. त्याला सूर्योदय विकला गेला होता. सूर्य कुणाच्या मालकीचा नाही, त्यामुळे तो विकता येत नाही. विकता येते ती वाटाड्याची रात्र, त्याचे पाय, त्याचं हसू. पण जाहिरातीत चित्र सूर्याचं असतं. मग सूर्य आला नाही की भरपाई मागायला समोर एकच माणूस उरतो. हे त्या नवऱ्याशी बोलता आलं असतं. तो वाईट माणूस नव्हता. मी त्यालाही ती संधी दिली नाही. दोघांच्या मधे उभं राहून मी दोघांनाही एकमेकांपासून लपवलं.

बालीत अनुवादाची एक जुनी रीत आहे. महाभारताची पर्वं जुन्या जावानीज गद्यात दहाव्या शतकाच्या अखेरीपासून येऊ लागली. विराटपर्वाच्या तिथल्या वाचनाचं साल 996 मिळतं, म्हणजे ज्ञानेश्वरीच्या जवळपास तीनशे वर्षं आधीचं. ही जुनी काव्यभाषा आज रोजच्या बोलण्यात नाही, पण बालीत तिचं वाचन अजून चालतं. दोघं शेजारी बसतात. एक जण मूळ ओळ गातो, दुसरा तिचा अर्थ चालू बाली भाषेत सांगतो. भोवती जाणकार बसलेले असतात. अर्थ पटला नाही तर ते अडवतात, वाद घालतात, मग पुढची ओळ. या रीतीचं मला नेहमी आकर्षण वाटत आलं आहे. आता त्यातली खरी गोष्ट लक्षात येते. तिथे अर्थ सांगणारा प्रामाणिक राहतो तो काही तो संत असतो म्हणून नव्हे. तो मूळ ओळीच्या आणि ऐकणाऱ्यांच्या समोर बसलेला असतो, आणि त्याला अडवता येतं, म्हणून. मी गाडीपाशी जो अनुवाद केला, तो मूळ बोलणारा दार लावून आत बसल्यावर केला.

फक्त एक शंका राहते. रात्रभर चलो, धीरे धीरे म्हणणाऱ्या, दर आठवड्याला आपल्याकडच्या माणसांना वर नेणाऱ्या त्या माणसाला 'पैसा' आणि 'झूठ' हे शब्द कळले नसतील? मला वाटतं, कळले असावेत. मग त्यानं मला का विचारलं? कदाचित खात्री करून घ्यायला. कदाचित मी काय सांगते ते बघायला. किंवा कदाचित त्या दोघांच्या जागी निदान मी तरी त्याच्याशी खरं बोलावं, एवढ्यासाठी. यातलं कुठलं, हे मला कळण्याचा मार्ग मी स्वतःच बंद करून टाकला. खोट्याचा हा एक तोटा कांटनं सांगितलेला मला आठवत नाही: समोरच्याला किती माहीत आहे, हे आपल्याला मग विचारता येत नाही.

मी पर्समधून लाखाची लाल नोट काढून त्याच्या हातात ठेवली. लाख रुपिया म्हणजे आपले पाच-सहाशे रुपये. तिला टिप म्हणतात, पण ती टिप नव्हती, दंड होता, आणि तो भरताना मला हलकं वाटलं याचीच मला नंतर लाज वाटली. त्यानं नोट दोन्ही हातांनी घेतली, कपाळाला लावली. माझ्या उत्तरावर तो आधी काहीच बोलला नव्हता. आता गाडीकडे बघून मान हलवली.

“हो,” तो म्हणाला, “दमलेत.” मग माझ्याकडे बघितलं. “इबूसुद्धा दमल्या.”