आजाराचा दोष कोणाचा?



संत योहानच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात शिष्यांना वाटेत एक जन्मांध माणूस दिसतो. त्याला पाहून ते गुरूला विचारतात की पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापाचे? प्रभू येशू दोघांवरचाही दोष नाकारतो. मग तो जमिनीवर थुंकून चिखल करतो, त्या माणसाच्या डोळ्यांना लावतो आणि त्याला शिलोह तळ्यावर धुवायला पाठवतो. शिष्यांना दोषी हवा होता, प्रभूला तो माणूस बरा व्हायला हवा होता.

शिष्यांचा तो प्रश्न आपण आजही विचारतो, फक्त शब्द वेगळे असतात. शेजारी कोणी आजारी पडले की आपण म्हणतो, "दुखणे अंगावर काढले", "खर्रा सुटत नव्हता", "गोळ्या मध्येच बंद केल्या". यांतले बरेचसे खरेही असते. पण एवढे बोलून झाले की आपले काम संपते का? माणसाचा आजार किती त्याच्या हातात असतो आणि किती आपल्या सर्वांच्या, याचा विचार आज आपण करू या.

त्यासाठी दूर जायला नको. २०१७ च्या पावसाळ्यात आपल्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. शेकडो जणांना यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात दाखल करावे लागले. कोणाला उलट्या, कोणाला श्वास लागलेला, कोणाच्या डोळ्यांपुढे अंधारी. शासनाने विशेष चौकशी पथक नेमले, मृतांच्या कुटुंबांना मदत जाहीर केली. पुढे २०२० साली काही कुटुंबांनी न्यायासाठी थेट स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे दाद मागितली.

त्या दिवसांत चहाच्या टपरीपासून कचेरीपर्यंत एकच वाक्य ऐकू येत होते: "त्यांनी मास्क लावला नाही, हातमोजे घातले नाहीत." वाक्य खोटे नव्हते. पण मास्क का लावला नाही, हे किती जणांनी विचारले?

तो प्रश्न विचारला की एकामागून एक दारे उघडतात. त्या वर्षी पऱ्हाटी नेहमीपेक्षा उंच वाढली होती, हवा दमट होती, आणि डोक्याएवढ्या पिकात उडालेला फवारा फवारणाऱ्याच्याच तोंडावर येत होता. किडीच्या धास्तीने दोन-तीन औषधे एकत्र करून फवारली जात होती. कोणते औषध कशात मिसळायचे हे सांगणारा बहुतेक वेळा विकणाराच. डब्यावरची बारीक अक्षरे मजुराला वाचता येत नाहीत. डब्यावर लाल रंगाचा त्रिकोण असेल तर औषध अतिविषारी असते, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. मजुरी पंपामागे असली तर थांबून तोंड धुणे म्हणजे पैसे गमावणे. पहिल्या दिवशी डोके दुखले तरी दुसऱ्या दिवशी तो वावरात जातो, कारण न गेल्यास संध्याकाळी चूल पेटत नाही. फवारणाऱ्यांना संरक्षक कपडे पुरवावेत असे १९७१ सालचे कीटकनाशक नियम सांगतात. पण शेतमालकाचा हातही आखडता असतो, कारण त्याच्या डोक्यावर बँकेचे नाहीतर सावकाराचे कर्ज असते. विदर्भातील ज्या सहा कर्जग्रस्त जिल्ह्यांसाठी पंतप्रधानांनी २००६ साली विशेष मदत जाहीर केली, त्यांत आपला जिल्हा होता.

म्हणजे मजुराच्या शरीरात विष शिरले ते केवळ श्वासातून नव्हे. ते कर्जातून, निरक्षरतेतून, मजुरीच्या पद्धतीतून आणि कोणीच न पाळलेल्या नियमातूनही शिरले. डॉक्टरांकडे तो पोहोचला तेव्हा आजार बराच जुना झालेला होता.

कोणी म्हणेल, मग माणसाची स्वतःची काहीच जबाबदारी नाही का? अवश्य आहे. शरीर हे देवाने दिलेले दान आहे आणि दारू, तंबाखू, खर्रा यांनी ते नासवणे हे पापच आहे. परंतु ज्याच्यापुढे दोन वाटा आहेत त्याला आपण वाट चुकलास म्हणू शकतो. ज्याच्यापुढे एकच वाट आहे त्याला तसे म्हणणे अन्याय आहे. क्षयरोगाचे उदाहरण घ्या. औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळते, तरी काही रुग्ण उपचार अर्ध्यावर सोडतात. अशक्त शरीराला अन्न लागते, हे शासनानेही मान्य केले. २०१८ पासून क्षयरुग्णाला पोषणासाठी महिना ५०० रुपये देणे सुरू झाले आणि २०२४ साली ती रक्कम १००० रुपये झाली. गोळी आणि भाकरी दोन्ही लागतात.

आपल्याच महाराष्ट्रातील एका ख्रिस्ती डॉक्टर दांपत्याने हे फार पूर्वी ओळखले होते. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात शिकले आणि १९७० साली तेव्हाच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील जामखेडला आले. औषध दिलेले मूल तेच घाण पाणी पिऊन पुन्हा आजारी पडते, हे त्यांनी पाहिले. म्हणून त्यांनी पाणी, अन्न आणि गावातला भेदभाव या गोष्टींनाही आरोग्याचे काम मानले. पाण्याचे हातपंप दलित वस्तीत बसवले गेले, तेव्हा इतरांना पाण्यासाठी तेथे यावे लागले. गावोगावच्या स्त्रियांना, ज्यांतल्या अनेक निरक्षर आणि दलित होत्या, त्यांनी आरोग्यसेविका म्हणून शिकवले. ज्यांच्या हातचे पाणी गाव पीत नव्हते, त्यांच्याच हातांनी गावातली बाळंतपणे सुखरूप होऊ लागली. या कामासाठी १९७९ साली दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

आपली ख्रिस्तसभाही हेच शिकवते. कॅथोलिक धर्मशिक्षण ग्रंथाच्या २२८८ व्या परिच्छेदात आरोग्याची काळजी घेणे हे प्रत्येकाचे कर्तव्य सांगितले आहे. त्याच परिच्छेदात अन्न, वस्त्र, निवारा, उपचार, शिक्षण व रोजगार मिळवून देण्यास समाजाने मदत केली पाहिजे, असेही सांगितले आहे. दोन्ही कर्तव्ये एकत्र आहेत. आपण मात्र पहिले आजाऱ्याला ऐकवतो आणि दुसरे विसरतो. मिस्साच्या आरंभी आपण केलेल्या पापांबरोबर न केलेल्या कर्तव्याचीही कबुली देतो. ती कबुली येथे लागू पडते.

मग आपण काय करावे? आपल्यापैकी ज्यांच्याकडे शेती आहे, त्यांनी फवारणीच्या दिवसांत मजुराला मास्क, हातमोजे, साबण आणि भरपूर पाणी द्यावे. वाऱ्याविरुद्ध आणि भर उन्हात फवारणी करायला लावू नये. डोके दुखते म्हणाला तर त्या दिवसाची मजुरी देऊन त्याला घरी पाठवावे. विषबाधेची शंका आली तर कपडे बदलून अंग साबणाने धुवावे, लगेच दवाखाना गाठावा आणि औषधाचा डबा डॉक्टरांना दाखवायला सोबत न्यावा. ज्यांच्याकडे शेती नाही, त्यांनी आपला वेळ द्यावा. खेड्यातून यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात आलेला माणूस कोणत्या खिडकीवर जायचे, कोणते कागद लागतात, यानेच निम्मा खचतो. त्याच्यासोबत रांगेत उभे राहणे, महात्मा फुले जन आरोग्य योजनेचे कागद भरून देणे, त्याच्या मुलांना दोन दिवस जेवू घालणे, हीही रुग्णसेवाच आहे.

संत मार्कच्या शुभवर्तमानात चौघे जण एका पक्षाघाती माणसाला उचलून आणतात आणि गर्दीमुळे वाट मिळत नाही म्हणून छप्पर उघडून त्याला खाली सोडतात. तो आजारी कसा पडला, हे त्या चौघांनी विचारल्याचे कोठे लिहिलेले नाही. प्रभूने मात्र त्यांचा विश्वास पाहिला. त्या माणसाचे बरे होणे त्या चार खांद्यांवरून आले.

दरवर्षी ११ फेब्रुवारीला, लूर्द मातेच्या सणाला, ख्रिस्तसभा जागतिक रुग्ण दिन पाळते. पोप दुसरे जॉन पॉल यांनी तो १९९२ साली ठरवून दिला. वर्षातला तो एक दिवस आपण प्रार्थना करतोच. उरलेल्या दिवसांत आपल्या वस्तीत कोणी खाटेवर पडले, तर त्या खाटेचा एक कोपरा आपल्या हाती असावा, एवढी कृपा आपण प्रभूकडे मागू या.

हे प्रभो, आजाऱ्यांमध्ये दोष शोधणारी आमची नजर तू बदल, आणि त्यांना उचलणारे हात आम्हाला दे. आमेन.