अदृश्य शेताचा हिशेब

जे शेत कोणाच्या दृष्टीस पडत नाही आणि ज्याचा सातबारा कोणाच्याही नावे नाही, ते नांगरणाऱ्याने हिशेब द्यावा की नाही? हा प्रश्न कित्येकांस पोकळ वाटेल. परंतु तो खरोखर उपस्थित झाला आहे.

गोव्यात दोना पावला येथे १९६६ साली स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. तिच्या शास्त्रज्ञांनी जानेवारी १९८१ मध्ये 'गवेषणी' नामक जहाजावरून सागरतळाचे काळे गोटे वर काढले. आकाराने ते बटाट्याएवढे असतात, व त्यांत मँगनीज, निकेल, तांबे आणि कोबाल्ट हे धातू सापडतात. हिंदी महासागराच्या मध्यभागी सुमारे ५,००० मीटर खोलीवर असे गोटे विखुरलेले आहेत. दहा लाख वर्षांत त्यांची वाढ काही मिलिमीटर इतकीच होते.

हा तळ कोणत्याही राष्ट्राच्या हद्दीत नाही. १९८२ च्या समुद्रकायद्याच्या कराराने तो सर्व मानवजातीचा सामाईक वारसा ठरविला. आमच्या वाचकांस गायरान ठाऊक आहे. ते सर्वांचे, म्हणून कोणाचेच नव्हे, असे म्हणून जो त्यात कुंपण घालतो त्यास गाव काय म्हणतो, हे आम्ही सांगावयास नको.

कोणी म्हणेल, धातूंची गरज गरिबासही आहे. हे खरे आहे, व गरज हे पाप नव्हे. म्हणूनच सदर संस्थेने १९९७ साली जे केले ते आम्हांस विशेष मोलाचे वाटते. तिने तळाचा एक लहानसा पट्टा यंत्राने मुद्दाम ढवळला आणि गाळाचे व त्यातील सूक्ष्म जीवांचे काय होते हे तपासले. बुरूज बांधण्यापूर्वी बसून खर्च मोजणाऱ्या शहाण्या मनुष्याची ही रीत होय.

परंतु मोजणे म्हणजे मिळेल ते उत्तर मान्य करण्याची तयारी असणे. पेरू देशाजवळच्या समुद्रतळावर १९८९ साली जर्मन शास्त्रज्ञांनी नांगर फिरविला होता. त्याचे चर २०१५ सालीही तसेच दिसले. आपल्या शेतातील चर एका पावसाळ्यात बुजतात. तेथे पाऊस नाही, आणि पाहावयास शेजारीही नाही.

शेजारी नसला म्हणजे धनी नाही, असे मात्र नव्हे. जो अंधारात धान्याचे माप खरे भरतो तोच उजेडात विश्वासू ठरतो. मग ते माप खळ्यावरचे असो की महासागराच्या तळाचे. आपण कारभारी आहो, मालक नव्हे. घेण्यापूर्वी मोजावे, आणि मोजल्यावर थांबणे प्राप्त झाले तर थांबावे, इतके धैर्य प्रभू आपणांस व आपल्या राष्ट्रास देवो.