विकतचें दुखणें दुसऱ्यास द्यावें काय?

मोटारगाडी ही आतां केवळ शहरांतील धनिकांची वस्तु राहिलेली नाहीं. दुखणाईतास तालुक्याच्या दवाखान्यांत नेण्यासाठीं, भाजीपाला बाजारास पोहोंचविण्यासाठीं, दूरच्या गांवीं उपासनेस जाण्यासाठीं आपल्या मंडळ्यांतील पुष्कळ कुटुंबें मोटार घेऊं लागलीं आहेत. नवी मोटार घेण्याचें सामर्थ्य थोड्यांसच असतें. म्हणून बहुतेक लोक वापरलेली मोटार घेतात. ह्यांत वावगें कांहीं नाहीं. परंतु कित्येकदां गाडी दारांत येऊन आठ दिवस होत नाहींत तोंच इंजिन धूर ओकूं लागतें, सकाळीं चावी फिरविली असतां नुसती टिकटिक ऐकूं येते, रात्रीं दिवे मंद होतात, आणि बीं-बियाण्यासाठीं ठेविलेले पैसे गॅरेजांत जाऊं लागतात. ह्यासच आपले लोक विकतचें दुखणें म्हणतात. अशा प्रसंगीं ख्रिस्ती मनुष्यानें कसें वागावें, आणि विशेषेंकरून तें दुखणें दुसऱ्याच्या गळ्यांत घालून आपण मोकळें व्हावें काय, ह्या प्रश्नाचा विचार आज करावयाचा आहे.

प्रथम हें लक्षांत घ्यावें कीं, प्रत्येक बिघाड म्हणजे फसवणूक नव्हे. यंत्र झिजतें आणि बॅटरी कांहीं वर्षांनीं संपतेच. पूर्ण भरलेली बॅटरी इंजिन बंद असतां सुमारें १२.६ व्होल्ट दाखविते. इंजिन चालूं असतां हा आंकडा सामान्यतः साडेतेरा व साडेचौदा यांच्या दरम्यान असतो. तसा नसेल तर अल्टरनेटर, त्याचा पट्टा व तारांचे जोड मिस्त्रीकडून पाहून घ्यावे. पुष्कळ वेळां बॅटरीच्या टोकांवर चढलेला क्षार, किंवा इंजिन व गाडीचा सांगाडा यांस जोडणारी अर्थची तार सैल झालेली, एवढेंच कारण असतें, व तें थोड्या खर्चांत दूर होतें. धुरावरूनहि बरेंच कळतें. निळसर धूर असेल तर इंजिनांतील तेल जळत आहे. काळा असेल तर इंधन नीट जळत नाहीं. इंजिन चांगलें तापल्यावरहि दाट पांढरा धूर येत राहिला आणि रेडिएटरांतील पाणी कमी होत गेलें, तर तें पाणी सिलिंडरांत शिरत असल्याचा संशय घ्यावा. तेलाच्या दाबाचा तांबडा दिवा वाटेंत लागला तर गाडी तेथेंच उभी करून इंजिन बंद करावें. घर जवळ आहे म्हणून जो तशीच पुढें नेतो, तो थोडक्यांत सुधारणारें इंजिन कायमचें गमावून बसण्याचा संभव असतो.

परंतु कांहीं चिन्हें अशीं असतात कीं, तेथें झीज नव्हे, तर मनुष्याचा हात दिसतो. चावी फिरवितांच, इंजिन सुरू होण्यापूर्वीं, तेल, बॅटरी व इंजिन यांविषयींचे इशाऱ्याचे दिवे लागतात, आणि इंजिन सुरू झाल्यावर ते विझतात. त्यांपैकीं एखादा दिवा मुळींच लागला नाहीं, तर कोणी तो मुद्दाम काढिला आहे कीं काय हें पाहावें लागतें. फ्यूजचेंहि तसेंच. दहा अँपिअरचा फ्यूज वारंवार जळतो म्हणून कोणी त्या ठिकाणीं तीस अँपिअरचा बसवितो. तक्रार बंद होते, पण दोष जागच्या जागीं राहतो. आणि पुढें एखादे दिवशीं फ्यूज जळण्याच्या ऐवजीं तारच पेटते. जाड तेल ओतून इंजिनाची खडखड दडविणें, किलोमीटरांचा आंकडा मागें फिरविणें, हीं त्याच जातीचीं कृत्यें होत. असें करणारा दोष दूर करीत नाहीं. दोषाची वाचा मात्र बंद करितो.

तथापि असें चिन्ह दिसलें म्हणून लगेच चावडीवर जाऊन विकणाऱ्याच्या नांवानें ओरड करूं नये. हा हात त्याचाच आहे असें कशावरून? कदाचित् तोहि त्या गाडीचा तिसरा धनी असेल, व त्यासहि तो दोष ठाऊक नसेल. मत्तयाच्या अठराव्या अध्यायांत प्रभूनें अपराधी भावाकडे प्रथम एकांतीं जाण्याचा जो नियम घालून दिला, तो येथेंहि लागू आहे. मिस्त्रीची चिठ्ठी घेऊन त्याच्याकडे जावें, शांतपणें दाखवावें व खर्चाचा कांहीं भाग मागावा. त्यानें सौद्याच्या वेळीं कांहीं हमी दिली असेल व ती खोटी ठरली असेल, तर कायद्यानें मिळणारा न्याय मागणें हेंहि पाप नव्हे.

खरा मोह येतो तो यानंतर. विकणारा हात झटकितो. मिस्त्री दुरुस्तीचा जो खर्च सांगतो तो आवांक्याबाहेरचा असतो. मग कोणी हितचिंतक कानांत सांगतो कीं, बॅटरीची तार काढून पुन्हा बसवा, म्हणजे इशाऱ्याचा दिवा कांहीं काळ विझेल. इंजिन धुवून पुसून घ्या. आणि जेथें तुम्हांला कोणी ओळखत नाहीं अशा गांवीं गाडी उभी करा. झांकली मूठ सव्वा लाखाची! अशा वेळीं आपलें मन ज्या सबबी पुढें करितें त्या एकेक तपासून पाहूं.

पहिली सबब ही कीं, मला फसविलें गेलें, मग मी कां सोसावें? फसविणारा तुमचा ऋणी आहे हें खरें. पण तें ऋण ज्यानें केलें त्याच्याकडूनच वसूल व्हावयाचें. वाटेनें जाणाऱ्या तिऱ्हाइताच्या खिशांतून नव्हे. ज्यास आपण गाडी देणार त्यानें आपलें काय घेतलें आहे?

दुसरी सबब, घेणाऱ्यानें पाहून घ्यावें. बैलबाजारांत ही सबब कांहीं अंशीं चालते. कारण शेतकरी बैलाचें तोंड उघडून दांत मोजतो, त्यास चालवून पाहतो. मध्ययुगांतील शास्त्री थॉमस अक्विनस यानेंहि असा भेद केला होता कीं, घोडा एका डोळ्यानें आंधळा आहे हें ज्याअर्थीं दिसतेंच, त्याअर्थीं तें सांगितलेंच पाहिजे असें नाहीं. पण जो दोष दिसत नाहीं तो सांगणें विकणाऱ्यावर बंधनकारक आहे. गाडीच्या दारास पडलेला पोंचा दिसतो. इंजिनाच्या पोटांतील दोष दिसत नाहीं. त्या बाबतींत साधा शेतकरी आंधळ्यासारखाच असतो, आणि आंधळ्याच्या वाटेंत अडखळण ठेवूं नये अशी लेवीयाच्या एकोणिसाव्या अध्यायांत आज्ञा आहे.

तिसरी सबब, सगळेच असें करितात. जॉर्ज अकरलॉफ ह्या अमेरिकन अर्थशास्त्र्यानें १९७० सालीं जुन्या मोटारींच्या बाजारावर एक निबंध लिहिला, आणि २००१ सालीं ज्या तिघांस अर्थशास्त्राचें नोबेल पारितोषिक विभागून मिळालें त्यांत तो एक होता. त्याचा विचार आपल्या बाजारांतील कोणासहि समजेल असा आहे. कोणती गाडी चांगली व कोणती खोटी हें घेणाऱ्यास कळत नाहीं, म्हणून तो सर्वच गाड्यांस मध्यम किंमत देऊं करितो. चांगल्या गाडीच्या धन्यास ती किंमत परवडत नाहीं, म्हणून तो बाजारांतून निघून जातो; आणि शेवटीं खोट्या गाड्याच मागें उरतात. म्हणजे सगळेच दोष लपवितात तेथें खरें बोलणाऱ्याची गाडीहि कोणी योग्य मोलानें घेत नाहीं. आपलें मौन केवळ एका मनुष्यास बुडवीत नाहीं. तें सर्वांचा विश्वास खाऊन टाकितें.

चौथी सबब सर्वांत कठीण आहे: मी गरीब आहें, हा तोटा मला सोसवत नाहीं. ह्या बोलण्यास हलकें लेखूं नये. परंतु तितक्याच किंमतीची जुनी गाडी घेण्यास येईल तो कोण असेल? बहुधा तुमच्यासारखाच, कर्ज काढून किंवा दागिना मोडून आलेला. गरिबी हें जर तोटा न सोसण्याचें कारण असेल, तर तें कारण त्याच्याहि पदरीं आहे.

आतां कोणी म्हणेल कीं, कायदा तर गप्प राहण्यास मनाई करीत नाहीं. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचें सतरावें कलम ह्या बाबतींत मननीय आहे. जाणूनबुजून दोष लपविणें हें त्या कलमाप्रमाणें कपट आहे. म्हणून दिवा काढणाऱ्यास तेथें आसरा नाहीं. नुसतें मौन मात्र सामान्यतः कपट ठरत नाहीं. उदाहरण दिलें आहे तें घोड्याचें: घोडा दोषी आहे हें ठाऊक असून एकानें लिलावांत कांहीं न बोलतां तो विकला, तर तें कपट नव्हे. पण लागलीच दुसरें उदाहरण येतें. घेणारी जर त्याची स्वतःची, नुकतीच वयांत आलेली मुलगी असेल, तर त्या नात्यामुळेंच दोष सांगणें त्याचें कर्तव्य होतें. पाहा, घोडा तोच, दोषहि तोच. बदललें तें केवळ नातें. कायद्यास कोठें तरी रेषा ओढावी लागते, व त्यानें ती अशा निकटच्या नात्यापाशीं ओढिली. परंतु आपला शेजारी कोण, असें एका शास्त्र्यानें विचारिलें तेव्हां प्रभूनें शोमरोन्याची गोष्ट सांगून ती रेषा पुसून टाकिली. अनोळखी गांवच्या अनोळखी मनुष्यास गाडी दाखवितांना आपण स्वतःस एवढेंच विचारावें: हिच्यांत बसून माझी मुलगी जाणार असती, तर मी गप्प राहिलों असतों काय?

मग ती गाडी विकूंच नये काय? विकावी, पण सांगून विकावी. मिस्त्रीनें सांगितलेले दोष कागदावर लिहून घेणाऱ्याच्या हातीं द्यावे, त्याच्या मिस्त्रीस हवें तितकें तपासूं द्यावें, आणि दुरुस्तीच्या खर्चाइतकी किंमत कमी करावी. गाडी दुरुस्तीपलीकडे गेली असेल तर ती भंगार म्हणूनच द्यावी. जेथें जिवास धोका आहे, जसें तारा पेटण्याचें भय, तेथें नुसतें सांगणेंहि पुरेसें नाहीं. तो दोष काढल्यावांचून ती गाडी रस्त्यावर जाऊं देऊं नये. बैल मारका आहे हें ठाऊक असून ज्यानें त्यास बांधून ठेविलें नाहीं, तो मालक निर्दोष सुटत नाहीं, असें निर्गमाच्या एकविसाव्या अध्यायांत ठरविलें आहे. उलट, घेणाऱ्यानेंहि विकणाऱ्याच्या खरेपणाचा गैरफायदा घेऊं नये. माल वाईट आहे, वाईट आहे म्हणून किंमत पाडावयाची व घरीं जाऊन बढाई मारावयाची, ही खोड शलमोनाच्या काळापासून चालत आली आहे.

येथें खोटें सांत्वन देऊं इच्छीत नाहीं. खरें सांगणाऱ्याचा तोटा होतो, आणि तो पैसा दुसऱ्या वाटेनें परत येईलच असें वचन देण्याचा आम्हांस अधिकार नाहीं. म्हणूनच हा भार एकट्या कुटुंबावर टाकून मंडळीनें स्वस्थ बसूं नये. एकमेकांचीं ओझीं वाहण्याची जी आज्ञा पौलानें गलतीकरांस लिहिली, ती गॅरेजाच्या हिशेबासहि लागू आहे. मंडळींत यंत्रांची माहिती असलेले तरुण असतात. त्यांनीं सौदा होण्यापूर्वींच भावाबरोबर जाऊन गाडी पाहावी. ज्यांस शक्य आहे त्यांनीं दुरुस्तीसाठीं बिनव्याजी हातउसने द्यावे. ज्या भावानें खरें सांगून नुकसान सोसलें, त्यास कोणी भोळा म्हणून हंसूं नये.

एकाच्या मौनानें निघालेला दोष हातोहातीं किती घरें फिरतो, व प्रत्येक घरांतून किती नेतो, हें आपण पाहतों. तो कोणाच्या तरी दारीं थांबला पाहिजे. प्रिय वाचकहो, तो तुमच्या दारीं आला असेल तर तेथून तो पुढें न जावा, एवढें बळ प्रभु तुम्हांस देवो.