पाण्याविना दिलेली जमीन

कॅलिफोर्नियात, मोहावी वाळवंटाच्या पूर्व भागात लॅनफेअर नावाचे खोरे आहे. १९१०च्या सुमारास तिथे शेतकरी कुटुंबे येऊ लागली. १८६२च्या होमस्टेड कायद्याने १६० एकर सरकारी जमीन कसणाऱ्याच्या नावे होई; अट एवढीच, की तिथे घर बांधून राहायचे आणि जमीन लागवडीखाली आणायची. आलेल्यांत कृष्णवर्णीय कुटुंबेही होती. गुलामगिरी संपून जेमतेम अर्धशतक झालेले. आपल्या नावावरच्या जमिनीचे मोल त्यांना कुणी सांगायला नको होते.

पहिली काही वर्षे पावसाने साथ दिली. जोशुआची झाडे तोडून रान मोकळे झाले, शाळा भरू लागली, टपाल कचेरी उघडली. मग पावसाने ओढ दिली. खोल नांगरायचे, पाऊस पडून गेला की वरची माती भुसभुशीत करून ओल धरून ठेवायची, हे कोरडवाहू शेतीचे तंत्र खरेच. पण धरायला आधी ओल लागते. भूजल इतके खोल, की विहीर पाडणे बहुतेकांच्या आवाक्याबाहेरचे.

वर होते ते पाणी आधीच दुसऱ्याच्या हातात होते. रॉक स्प्रिंग्ज लँड अँड कॅटल कंपनी १८९४पासून या भागात गुरे चारत होती आणि मोक्याचे झरे तिच्या ताब्यात होते. गुरे पिकांत शिरत. कंपनी म्हणे, शेतकरी आमची जनावरे मारतात. हे वैर १९२५च्या नोव्हेंबरात गव्हर्नमेंट होल्स या पाणवठ्यावर रक्तापर्यंत गेले. तिथल्या खोलीत शेतकऱ्यांच्या बाजूचे मॅट बर्ट्स आणि कंपनीचे बिल रॉबिन्सन यांनी एकमेकांवर गोळ्या झाडल्या, दोघेही मेले. खोऱ्यातून जाणारी रेल्वे तर १९२३मध्येच बंद झाली होती. कुटुंबे निघून गेली आणि खोरे पुन्हा गुरांचे झाले.

याला निसर्गाचा कोप म्हणून सोडून देणे मला पटत नाही. भूवैज्ञानिक जॉन वेस्ली पॉवेल यांनी १८७८मध्येच सरकारला अहवाल दिला होता, की अशा कोरड्या मुलखात कुटुंबाला चराऊ रान म्हणून किमान २,५६० एकर हवेत, आणि प्रत्येक तुकड्याला पाणी लागून असावे. म्हणजे कायद्याने दिले त्याच्या सोळा पट! अहवाल छापला गेला, पण जमिनीचे वाटप त्या मापाने झाले नाही. लॅनफेअरची माणसे कष्टाला कमी पडली नाहीत. त्यांना जमीन मोजून देणाऱ्यांनी पाणी मोजले नाही, आणि हा दोष सरकारचाच आहे.