नवी गाडी आणि नागसेनाचा रथ

शहरातल्या उपनगरी रेल्वेच्या जुन्या गाड्या मोडीत निघतात आणि विजेवरच्या नव्या गाड्या रुळांवर येतात, तेव्हा प्रवासी नव्या गाडीला जुन्याच नावाने ओळखतात. डबे नवे, मोटारी नव्या, रंग नवा. तरी ‘आठ-तेराची फास्ट’ ती आठ-तेराचीच राहते. सगळे सुटे भाग बदलल्यावरही ‘तीच’ म्हणायला आधार कशाचा, हा प्रश्न भारतीय दर्शनांनी दोन हजार वर्षे धसाला लावला आहे आणि तोही वाहनाचेच उदाहरण घेऊन. गाडीबद्दल जे उत्तर मान्य करावे ते गाडीत बसलेल्या माणसालाही लागू होते. म्हणूनच या प्रश्नाला धर्मविचारात एवढे वजन आहे.

‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात तो पहिल्यांदा ठसठशीत रूपात येतो. सागल नगरीचा ग्रीक राजा मिलिंद, म्हणजे इतिहासातला मिनँडर, भिक्षू नागसेनाला भेटायला रथातून आला. ‘नागसेन’ हे नुसते नाव आहे, त्यामागे कुणी स्थायी पुरुष नाही, असे भिक्षूने सांगताच राजा चकित झाला. नागसेनाने त्याला उलट विचारले की ज्या रथातून आलास तो रथ दाखव. आस म्हणजे रथ का? चाके म्हणजे रथ? जू, दांडा, लगाम? प्रत्येक वेळी राजाला नाही म्हणावे लागले. सगळे भाग बाजूला केल्यावर उरते तो रथ का, यालाही त्याचे उत्तर नाहीच होते. शेवटी राजानेच मान्य केले की या भागांच्या आधाराने ‘रथ’ हा व्यवहार चालतो. तसेच माणसाचेही आहे, असे नागसेनाने सांगितले आणि वजिरा भिक्षुणीच्या जुन्या गाथेचा दाखला दिला.

महाराष्ट्राला ही नावे परकी नाहीत. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० साली तेव्हाच्या औरंगाबादेत काढलेल्या महाविद्यालयाला मिलिंदाचे नाव आहे आणि त्याचा परिसर नागसेनवन म्हणून ओळखला जातो. गोंदिया जिल्ह्यात, अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या इटियाडोह जलाशयाच्या परिसरात तर हा विचार दोन वाटांनी येऊन पोचला आहे. एक वाट नागपूरच्या १९५६ च्या धम्मदीक्षेची. धानाच्या या मुलखातली अनेक घरे तिच्यामुळे बौद्ध झाली. दुसरी वाट तिबेटची. गाढवी नदीवर मातीचे धरण बांधून झालेल्या या जलाशयाजवळ, गोठणगाव-प्रतापगड भागात, १९७२ मध्ये तिबेटी निर्वासितांची नॉर्ग्येलिंग वसाहत उभी राहिली. तिबेटी परंपरेत शून्यवादाचा प्रवर्तक नागार्जुन याचा जन्म विदर्भातला मानतात. म्हणजे त्या परंपरेच्या हिशेबाने शून्यवाद विदर्भातून निघून हिमालयापलीकडे गेला आणि निर्वासितांबरोबर विदर्भात परतला.

या भागाची रेल्वे गोंदियाहून अर्जुनी, वडसा, नागभीड करीत चांदा फोर्टकडे जाते. पूर्वी येथे अडीच फुटी रुळांची नॅरोगेज होती, कोळशाचे इंजिन होते. विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात मार्ग ब्रॉडगेज झाला, मग डिझेलच्या डेमू आल्या, आता वर विजेची तार आहे आणि मेमू धावतात. रुळांची रुंदी, इंजिन, इंधन, डबे यांतले काहीच जुने उरले नाही. अर्जुनीच्या फलाटावर मात्र अजूनही ‘गोंदियाची पॅसेंजर’ यायची असते.

मोठ्या प्रमाणावर हेच पाहायचे तर मुंबईकडे वळावे लागते. देशातली पहिली विजेवरची गाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी तेव्हाच्या व्हिक्टोरिया टर्मिनसहून हार्बर मार्गाने कुर्ल्याला गेली. डबे चार, वीज १५०० व्होल्ट डीसी. पश्चिमेकडच्या कुलाबा-बोरिवली मार्गावर वीज आली ती जानेवारी १९२८ मध्ये. त्यानंतर ती पहिली गाडी चालवणारी जीआयपी रेल्वे कंपनी जाऊन १९५१ मध्ये मध्य रेल्वे झाली. टर्मिनसचे नाव १९९६ मध्ये आणि पुन्हा २०१७ मध्ये बदलले. डबे नऊ, बारा आणि काही फेऱ्यांना पंधरा झाले. उपनगरी रेकचे, म्हणजे जोडलेल्या डब्यांच्या संचाचे, ठरीव आयुष्य २५ वर्षांचे, त्यामुळे शंभर वर्षांत पिढ्यांमागून पिढ्या भंगारात गेल्या. २००७ पासून सीमेन्सच्या विद्युत यंत्रणेच्या जांभळ्या-पांढऱ्या गाड्या आल्या. तारेतली वीजही टप्प्याटप्प्याने २५,००० व्होल्ट एसी झाली. शेवटचा डीसी पट्टा हार्बरचा, तो एप्रिल २०१६ मध्ये संपला. १९२५ च्या त्या गाडीतला एक खिळाही आज धावत नसेल, तरी लोकलची शताब्दी २०२५ मध्ये साजरी झाली आणि शताब्दी कशाची, असे कोणी विचारले नाही.

शिवाय ‘आठ-तेराची’ हा एक ठरावीक रेकही नव्हे. कारशेडमधून सकाळी निघालेला रेक लिंकप्रमाणे, म्हणजे फेऱ्यांच्या ठरलेल्या साखळीप्रमाणे, दिवसभरात अनेक फेऱ्या करतो. जो रेक आठ-तेराला कल्याणहून निघतो तोच तासा-दीड तासाने दुसऱ्या नावाने उलटा फिरतो आणि उद्या त्या वेळेला भलताच रेक येऊन उभा राहतो. म्हणजे गाडी रोजच नवी असते; नवा ताफा येतो तेव्हा हे फक्त डोळ्यांना दिसते. फेर्दिनां द सोस्यूर या स्विस भाषाशास्त्रज्ञाने नेमके हेच उदाहरण घेतले होते. त्याच्या निधनानंतर १९१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांत तो रात्री ८.४५ च्या जिनिव्हा-पॅरिस गाडीबद्दल बोलतो: इंजिन, डबे, माणसे सगळे वेगळे असूनही ती एकच गाडी, कारण तिला ओळख देतात तिची वेळ, मार्ग आणि इतर गाड्यांपासूनचे वेगळेपण.

भारतीय दर्शनांत या प्रश्नावर एकमत नाही आणि वाद मोठा कसदार आहे. नैयायिकांच्या, म्हणजे न्यायदर्शन मानणाऱ्यांच्या, मते अवयवी, म्हणजे अखंड वस्तू, अवयवांहून खरोखर वेगळी असते आणि समवाय संबंधाने त्यांच्यात राहते. या मताची किंमत त्यांना मोजावी लागते. एक अवयव काढला की जुना अवयवी नष्ट होतो आणि नवा जन्मतो. त्यांच्या हिशेबाने एक डबा बदलला की गाडी बदलली. ‘ही तीच’ अशी जी ओळख पटते, तिला शास्त्रात प्रत्यभिज्ञा म्हणतात आणि वस्तू टिकून असल्याचे प्रमाण म्हणून ती पुढे केली जाते. बौद्ध त्यावर दिव्याची ज्योत आणि कापल्यावर पुन्हा वाढलेले केस-नखे दाखवतात: तेच वाटतात, पण ते नुसते सारखे असतात. फलाटावरच्या गर्दीला पटणारी ओळख याच जातीची आहे.

सातव्या शतकात नागार्जुनाच्या परंपरेतल्या चंद्रकीर्तीने नागसेनाचा रथ पुन्हा हाती घेतला आणि त्याची सात अंगांनी झडती घेतली. रथ अवयवांहून भिन्न नाही, अभिन्न नाही, त्यांचा मालक नाही, त्यांच्यात नाही, ते त्याच्यात नाहीत, तो त्यांचा ढीग नाही आणि त्यांचा आकारही नाही. शेवटचे दोन नकार फार तोलामोलाचे आहेत. ढीग म्हणजे गाडी असती तर कारशेडच्या आवारात सुटी पडलेली चाके, मोटारी, पँटोग्राफ यांनाही लोकल म्हणावे लागले असते. आकार म्हणजे गाडी असती तर चार डब्यांची आणि पंधरा डब्यांची एक कशी? तरीही चंद्रकीर्ती गाडी नाकारत नाही. लोक भागांच्या आधाराने ज्याला रथ म्हणतात तो लोकव्यवहारात खराच आहे आणि शहाण्याने तो व्यवहार मोडू नये, असे त्याचे म्हणणे. ज्या ‘मध्यमकावतारा’त ही झडती येते तो ग्रंथ तिबेटी गेलुग पंथाच्या मठांत आजही वर्षानुवर्षे शिकवला जातो, वादविवादाच्या अंगणात टाळ्या वाजवून घोटला जातो.

लोकव्यवहार खरा मानला की पुढचा प्रश्न उभा राहतो: व्यवहारात ‘तीच’ कधी म्हणायचे आणि ‘ती नव्हे’ कधी? मुंबईत हे प्रत्यक्ष घडून गेले आहे. तारेतली वीज मुळापासून बदलली, तेव्हा कुणाचीच गाडी हरवली नाही. देशातली पहिली वातानुकूलित लोकल २५ डिसेंबर २०१७ रोजी पश्चिम रेल्वेवर धावली. पुढे ऑगस्ट २०२२ मध्ये मध्य रेल्वेने दहा साध्या फेऱ्या वातानुकूलित केल्या. वेळ तीच, मार्ग तोच, थांबे तेच, आणि डबे तर जास्त चांगले. कळवा-बदलापूरचे प्रवासी मात्र खवळून उठले. त्यांची तक्रार होती की आपली गाडी काढून घेतली. २५ ऑगस्टपासून त्या दहाही फेऱ्या पुन्हा साध्या झाल्या.

सोस्यूरची कसोटी येथे अपुरी पडते, कारण वेळापत्रकातली जागा बदललीच नव्हती. बौद्ध तर्कशास्त्रज्ञ धर्मकीर्तीची कसोटी जास्त खोल जाते. त्याच्या मते जे अर्थक्रिया करते, म्हणजे प्रयोजन सिद्धीस नेते, तेच खरे सत्. साधा पास खिशात असलेल्या माणसाला घरी पोचवणे ही त्या गाडीची अर्थक्रिया होती. वातानुकूलित डब्याला पास वेगळा आणि महाग; साध्या पासावर चढला तर टीसी दंड करणार. त्या माणसापुरती गाडी खरोखरच नाहीशी झाली होती, आणि त्याचा राग तत्त्वज्ञानाच्या दृष्टीनेही बरोबर होता. गाडीचे तेपण लोखंडात नसते. ती कोणाला चढू देते यात त्याचा फार मोठा हिस्सा असतो.

जैन आचार्य समंतभद्रांनी ‘आप्तमीमांसे’त या प्रसंगाचे जणू चित्रच काढून ठेवले आहे. सोन्याचा घट मोडून मुकुट केला. ज्याला घट हवा होता तो रडतो, ज्याला मुकुट हवा होता तो आनंदतो, ज्याला केवळ सोने हवे त्याला सुखही नाही, दुःखही नाही. तिघांच्या भावना सकारण आहेत, कारण वस्तूत नाश, उत्पत्ती आणि स्थैर्य तिन्ही एकदम असतात. बदलापूरच्या फलाटावर हे तिघेही उभे होते. जैनांचा अनेकान्तवाद तिघांनाही खरे मानतो. मात्र कोणाच्या गरजेला आधी जागा द्यायची, हे त्यातून निघत नाही. तो निवाडा न्यायबुद्धीने वेगळा करावा लागतो, आणि रडणाऱ्यांची संख्या व त्यांची ऐपत त्यात मोजावीच लागते.

‘आमची गाडी’ या भावनेकडे बौद्ध साधक सावधपणे पाहील, कारण ममत्व हेच दुःखाचे मूळ. पण लोकलमधले ममत्व एका साच्याचे नाही. दसऱ्याला ते पूजेच्या रूपाने दिसते. नेहमीचे प्रवासी पहाटेच येऊन डब्याला झेंडू आणि आंब्याच्या पानांची तोरणे बांधतात, दांड्यांना फुलांच्या माळा गुंडाळतात, देवाची तसबीर लावून आरती करतात, मोटरमनला हार घालून पेढे देतात, नारळ फुटतो. शस्त्रपूजनाची ही शहरी शाखा. दुपारी तोच रेक दुसऱ्या नावाने धावतो आणि तोरणाखाली अनोळखी माणसे बसतात. पूजा मग कशाची झाली? आगम-परंपरेत देवतेचे आवाहन होते आणि विसर्जनही होते. मूर्तीची माती कायम देव असते, असे कोणी धरत नाही. दसऱ्याची फुले घेणारा डबाही सकाळपुरता एका उपकाराचा प्रतिनिधी असतो. यंत्राची पूजा म्हणून तिला अडाणी ठरवणारे टीकाकार पूजेचा विषय लोखंड समजतात, आणि तेथे त्यांची गफलत होते.

नागसेनाचा रोख अखेर माणसावर होता. वयाच्या विशीत पास काढणारा आणि साठीत तो शेवटचा परत करणारा, हे एक का दोन? मिलिंदाने हेच विचारले तेव्हा नागसेनाने रात्रभर जळणारा दिवा दाखवला. पहिल्या प्रहराची ज्योत आणि शेवटच्या प्रहराची ज्योत एक नाही, पण वेगळीही म्हणता येत नाही, कारण एकीतून दुसरी पेटत आली. याला बौद्ध परिभाषेत संतान म्हणतात. जबाबदारीही याच धाग्याने पुढे जाते. आंबे चोरणारा जर म्हणाला की पेरलेले आंबे वेगळे आणि मी नेलेले वेगळे, तर तो सुटत नाही. मागच्यांतून पुढचे आले आहेत. रेल्वेलाही हा न्याय लागतो. ताफा नवा झाला म्हणून जुन्या पासधारकांचे देणे फिटत नाही, आणि दारात लोंबकळणाऱ्यांना जागा देण्याची जबाबदारीही जुन्या डब्यांबरोबर भंगारात जात नाही.

ही धारा कुठवर वाहते, यावर मात्र इटियाडोहच्या दोन बौद्ध वाटा वेगळ्या होतात. आत्मा नाही, हे दोघींनाही मान्य. तिबेटी परंपरा मानते की चित्ताचा प्रवाह मृत्यूपलीकडे जातो, आणि त्यावरच तिची लामांच्या पुनर्जन्माची व्यवस्था उभी आहे. आंबेडकरांनी ‘द बुद्ध अँड हिज धम्म’मध्ये आत्म्याचे संक्रमण साफ नाकारले. त्यांच्या मांडणीत मृत्यूनंतर देहाची भौतिक द्रव्ये विश्वातल्या द्रव्यांत मिसळतात, त्यांतून नवे घडते, आणि धम्माचे केंद्र माणसाचे माणसाशी असलेले नाते हे राहते. मागच्या जन्मीच्या कर्मावर आजचे दारिद्र्य ढकलण्याची सोय त्यांना बंद करायची होती. तिबेटी वाटेने गेले तर प्रवासी पुढच्या गाडीतही आहे. आंबेडकरांच्या वाटेने गेले तर त्याचे देणे-घेणे याच फलाटावर, सोबत उभ्या असलेल्यांशी मिटवायचे आहे.