दहावा कामगार

यंत्र चांगले की वाईट, हा वाद आपल्याकडे अधूनमधून रंगतो. शाळेतल्या निबंधापासून राजकीय सभांपर्यंत त्याची दोन ठरलेली उत्तरे असतात. यंत्र आले आणि माणसाची रोजी गेली, हे एक. यंत्र आले म्हणून प्रगती झाली, हे दुसरे. आम्हाला हा वादच अपुरा वाटतो. यंत्राला नीती नसते. ते कुणाच्या मालकीचे आहे, कुणाच्या कष्टावर चालते आणि कोणत्या कायद्याच्या छायेत उभे आहे, नीतीचा प्रश्न तिथे सुरू होतो. मालेगाव-भिवंडीच्या यंत्रमागाइतका जवळचा दाखला याला दुसरा नाही.

एडमंड कार्टराइटने १७८५ मध्ये शक्तीवर चालणाऱ्या मागाचे पेटंट घेतले. १८११-१२ मध्ये नॉटिंगहॅम परिसरातल्या कारागिरांनी विणकामाची यंत्रे फोडली, तेव्हा ब्रिटिश संसदेने यंत्र फोडणाऱ्याला फाशीची तरतूद केली. लॉर्ड्सच्या सभागृहात कवी बायरनने त्या कायद्याला विरोध केला. हे कारागीर अडाणी नव्हते. ते स्वतः यंत्रावरच काम करीत. त्यांचे भांडण होते ते मजुरी पाडण्यासाठी होणाऱ्या यंत्राच्या वापराशी.

इंग्लंडच्या गिरणी कापडाने आपल्या विणकरांचे कंबरडे मोडले. १८५७ नंतर उत्तर प्रदेशातले मोमीन-अन्सारी विणकर घरदार सोडून मालेगाव, बुऱ्हाणपूर, भिवंडीकडे आले. विसाव्या शतकात याच वस्त्यांमध्ये हातमाग मागे पडला आणि यंत्रमाग आला. यंत्राने ज्यांना उठवले, त्यांच्याच वारसांनी यंत्र घरात आणले. यात दोष काही नाही. खड्ड्यात पाय सोडून दिवसभर हातमाग ओढणाऱ्याच्या गुडघ्यांना विचारा, जुन्या काळाचे गोडवे कुणी गावेत आणि कुणी नाही!

पण पुढचा इतिहास पाहा. १९८५ मध्ये संसदेने कायदा करून काही प्रकारचे कापड हातमागासाठी राखून ठेवले. पहिल्या यादीत २२ प्रकार होते, पुढे ते ११ वर आले. यंत्रमागवाले न्यायालयात गेले. १९९३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा वैध ठरवला. म्हणजे एका बाजूला विणकर आणि दुसऱ्या बाजूलाही विणकरच. कालचा पीडित आज दुसऱ्याच्या रोजीचा वाटेकरी होतो, तेव्हा आपले जुने दुःख त्याला कोणतीही सूट देत नाही, हे आपण मान्य करायला हवे.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात होते. गिरण्या थंडावल्या, पण बाजारातले कापड थांबले नाही. त्यातले बरेचसे भिवंडीच्या मागांवर विणले जाऊ लागले. काम आले, मात्र गिरणी कामगाराने लढून मिळवलेले हक्क कामाबरोबर आले नाहीत. भविष्यनिर्वाह निधी, भरपगारी रजा, आठ तासांची पाळी हे सारे वाटेतच गळाले. यंत्रमागावर पाळी बारा तासांची आणि मजुरी विणलेल्या कापडावर. माग बंद तर मजुरी बंद. घरी बसून कांड्या भरणाऱ्या बायकांची तर कुठल्या वहीत नोंदही नाही.

हे घडले कसे? १९४८ च्या कारखाना कायद्याने विजेवर चालणाऱ्या जागेत दहा कामगार असले तर तिला कारखाना मानले. मग एकाच छपराखालचे माग भावाच्या, बायकोच्या, मेव्हण्याच्या नावे वाटले गेले, आणि कागदावर कुठेही दहावा कामगार उरला नाही. २०२० च्या संहितेने ही मर्यादा दहावरून वीसवर नेली. सरकार याला सुलभता म्हणते. आमचा प्रश्न साधा आहे. नऊ कामगारांच्या कानांना मागाचा खडखडाट कमी ऐकू येतो काय? कापसाची धूळ छातीत जाताना हजेरीपट मोजते काय? कायदा कुठेतरी रेघ ओढणारच; ती त्याची गरज आहे. पण रेघेच्या अलीकडे आपली जिम्मेदारीही संपते, असे मानणे म्हणजे कायद्याची सोय हाच इन्साफ समजणे होय.

मालक म्हणतात, आमचाही नाइलाज आहे. ते खोटे नाही. सहा माग असलेला माणूस मालक कसला? सूत व्यापाऱ्याचे, भाव व्यापाऱ्याचा, वीजदर सरकारचा. याच्या पदरी विणाईचे पैसे तेवढे. सुताचा भाव त्याच्या हाती नाही. पण पट्ट्यावर जाळी बसवणे, हवेला खिडकी ठेवणे, मजुराला हिशेबाची चिठ्ठी देणे, मागांची वाटणी केवळ नावापुरती न करणे, हे तर हाती आहे? नाइलाजाचीही एक हद्द असते. जे हातात नाही त्याची ढाल करून जे हातात आहे ते टाळता येत नाही.

धुराचेही तसेच. मालेगावात सायझिंगच्या बॉयलरमध्ये प्लास्टिकचा कचरा जाळला गेल्याच्या तक्रारी वर्षानुवर्षे झाल्या. जळण स्वस्त पडले, म्हणजे किंमत कुणीच दिली नाही असे नव्हे. ती शेजारच्या गल्लीतल्या मुलाच्या फुप्फुसाने दिली. त्या गल्लीत मजूर राहतो आणि पुष्कळदा छोटा मालकही राहतो.

१९९९ मध्ये केंद्र सरकारने नवी यंत्रे घेणाऱ्यांना कर्जाच्या व्याजात पाच टक्के सवलत देणारी योजना आणली. बिनधोट्याचे वेगवान माग आले. तेवढेच कापड आता कमी हातांत निघते. हवेच्या झोतावरच्या मागाला दाबाच्या हवेसाठी वीज लागते, पाण्याच्या झोतावरच्या मागाचे पाणी कुठेतरी सोडावे लागते. यंत्र बदलण्यासाठी सवलत मिळाली. ज्याचा हात रिकामा झाला त्याच्यासाठी तेवढी तजवीज झाली नाही. ही निवड यंत्राने केलेली नाही. ती माणसांनी, मंत्रालयात बसून केली. म्हणूनच ती बदलताही येते.

तेव्हा नव्या मागाला विरोध करा, असे आम्ही म्हणत नाही. तो दारात येण्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात. यामुळे कुणाचे काम जाईल आणि तो कुठे जाईल? याचा धूर, पाणी, आवाज कुणाच्या वाट्याला येईल? आणि इथे राबणाऱ्याचे नाव कोणत्या कागदावर लिहिले जाईल? हे प्रश्न सरकारला विचारायचेच आहेत. पण ज्याच्या छपराखाली माग चालतो, त्याला कायद्याने विचारण्याची वाट पाहण्याचे कारण नाही. त्याच्याकडचा दहावा कामगार कोण, हे त्याला ठाऊक आहे.