रात्रीची थंडी दुपारी ठरते

डिसेंबर लागला की शाळांच्या स्काऊट-गाईड पथकांची शिबिरं सुरू होतात. पावसाळ्यात तंबू टिकत नाही, उन्हाळ्यात पाण्याची बोंब. माळावर मुक्काम टाकायचा तर हेच दिवस. आठवडाभर आधी घरोघरी तयारी चालू होते, आणि ती बहुधा आईच करते. स्वेटर, कानटोपी, जाड ब्लँकेट, वर लाडवांचा डबा. पाठपिशवी अशी फुगते की पोरगं मागून दिसत नाही. आणि एवढं सगळं असून पहिल्या रात्री तीनच्या सुमारास निम्मा तंबू कुडकुडत उठून बसलेला असतो.

त्याचं कारण साधं आहे. मुलांनी अंगावर दोन ब्लँकेटं घेतलेली असतात आणि अंगाखाली एक पातळ सतरंजी. माणसाला रात्री गार करते ती मुख्यतः जमीन. अंगाखालचं अंथरूण वजनानं दबतं, त्यातली हवा निघून जाते आणि ऊब धरायला काही उरत नाही. म्हणून जुनेजाणते स्काऊट मास्तर सांगत आले : वर एक घे, पण खाली दोन घाल. आणि त्याच्याही खाली भाताचा पेंढा पसर, चांगला वीतभर. दुसरी गोष्ट जागेची. ओढ्याकाठची सखल, हिरवळ असलेली जागा दिवसा मोहात पाडते. रात्री गार हवा जड होऊन उतारावरून तिथंच येऊन साचते आणि पहाटे तंबू दवानं निथळत असतो. त्यापेक्षा थोडी उंचावरची रुक्ष जागा बरी. तिसरी गोष्ट कपड्यांची. दिवसभर घामेजलेल्या गणवेशातच जो झोपला, तो गारठलाच.

यातलं एकही काम रात्री तीन वाजता करता येत नाही. पेंढा उजेडातच आणावा लागतो, जागा उजेडातच निवडावी लागते, सरपण दव पडण्याआधी ताडपत्रीखाली जायला हवं. काटकी मोडताना ‘कट्’ असा आवाज आला तर ती घ्यायची, नुसती वाकली तर सोडून द्यायची. स्काऊटचं ब्रीद ‘तयार रहा’. ते ऐकलं की डोळ्यापुढे कुणीतरी पुरात उडी घेणारा वीर येतो. शिबिरात मात्र त्याचा अर्थ दुपारी चार वाजताचं कंटाळवाणं काम असा असतो, तेही खेळ रंगात आलेला असताना.

बिनभांड्यांचा स्वयंपाक हा मुलांचा लाडका कार्यक्रम. तिथंही हाच धडा, फक्त लवकर मिळतो. आग भडकली की उत्साही टोळी बटाटे थेट ज्वाळेत टाकते. दहा मिनिटांत बाहेरून कोळसा, आतून कच्चे. शेजारची टोळी नुसती बसलेली दिसते. ज्वाळा खाली बसून लालबुंद निखारा व्हायची वाट पाहत. मग बटाटे निखाऱ्यात पुरायचे आणि वर राख ओढायची. अंडं भाजायचं तर त्याला आधी बारीक भोक पाडायचं, नाहीतर ते फटाक्यासारखं फुटतं. कणीक घट्ट मळून तिची लांब वळी काठीवर गुंडाळायची आणि निखाऱ्यावर धरून फिरवत राहायची. काठी कुठलीही चालत नाही. कण्हेरीची तर मुळीच नको, ती विषारी. हे पुस्तकात वाचलेलं मूल विसरतं. हातातली काठी सरांनी काढून घेतली की विसरत नाही. आणि शेवटी आग विझवणं. या दिवसांत डोंगरावरचं गवत वाळून पिवळं झालेलं असतं, एका ठिणगीनं वणवा लागतो. पाणी ओतायचं, राख ढवळायची, पुन्हा ओतायचं, आणि हाताला गार लागेपर्यंत तिथून हलायचं नाही.

रात्री आकाशाचा तास. सप्तर्षींवरून ध्रुव काढायचा हे सगळ्यांना पाठ असतं. पण डिसेंबरात संध्याकाळी आठ वाजता आपल्याकडे सप्तर्षी क्षितिजाखालीच असतात. मुलं गोंधळतात. तेव्हा उत्तरेला वर आलेली, इंग्रजी ‘एम’सारखी दिसणारी शर्मिष्ठा दाखवायची आणि तिच्यावरून ध्रुवाकडे यायचं. महाराष्ट्रातून ध्रुव तसा बराच खाली, क्षितिजापासून अठरा-वीस अंशांवर. झाडं आडवी आली तर दिसतही नाही. मग पूर्वेकडे वर चढत आलेला मृग आहेच. त्याच्या पोटातले तीन तारे जवळजवळ नेमक्या पूर्वेला उगवतात. एक खूण हुकली तर दुसरी ठाऊक असावी, याहून चांगली तयारी ती कोणती?

पण माझ्या मते या सगळ्यात अवघड काम मुलांचं नसतंच, सरांचं असतं. पेंढा न आणता क्रिकेट खेळणारी टोळी त्यांना दिसत असते. त्यांनी एकदा सांगितलेलं असतं. दुसऱ्यांदा सांगायचं नाही, इथं कस लागतो. 1907 च्या ऑगस्टमध्ये स्काऊट चळवळीचे जनक बेडन-पॉवेल यांनी ब्राउनसी बेटावर पहिलं प्रायोगिक शिबिर भरवलं, तेव्हा वीसेक मुलांच्या चार टोळ्या केल्या आणि प्रत्येकीवर त्यांच्यातलाच एक मुलगा नायक नेमला. श्रीमंतांच्या निवासी शाळांतली मुलं आणि कामगारांची मुलं एकाच तंबूत. सगळी चळवळ त्या विश्वासावर उभी आहे : जबाबदारी मुलावर टाकली तर तो ती पेलतो. आपल्याकडे ब्रिटिशांनी सुरुवातीला हिंदी मुलांना हे दार उघडलंच नाही. म्हणून मदनमोहन मालवीयांबरोबर श्रीराम वाजपेयी आणि हृदयनाथ कुंझरू यांनी सेवा समितीची स्वतःची स्काऊट संघटना काढली. हे दोघेही गोखल्यांच्या भारत सेवक समाजाचे. पुढे 7 नोव्हेंबर 1950 रोजी या प्रवाहांतून ‘भारत स्काऊट्स अँड गाईड्स’ ही संघटना झाली. विश्वास मागून मिळत नसेल तर काम उभं करून मिळवायचा, हेही त्यात आलं.

हल्ली ‘अ‍ॅडव्हेंचर कॅम्प’ विकत मिळतात. तंबू आधीच लावलेले, खाली गादी, रात्री बार्बेक्यू. मुलं मजा करतात, त्याबद्दल तक्रार नाही. पण तिथं मुलाच्या आळसानं कुणाचंच काही अडत नाही, आणि त्याच्या कष्टानंही नाही. थंडी मात्र तशी नसते; ती टोळीतल्या एकाच्या चुकीचा हिशेब सगळ्यांकडून घेते. अर्थात सरांच्या तंबूत जादा ब्लँकेटं ठेवलेली असतातच. कुणाला ताप भरेपर्यंत धडा शिकवायचा नसतो. ती कधी काढायची, एवढंच त्यांनी ठरवायचं.

पहिल्या रात्रीनंतरचा दिवस पाहण्यासारखा असतो. सकाळी तपासणीच्या आत सगळी अंथरुणं उन्हात. दुपारी तीनलाच टोळीनायक सरांपुढे हजर : ‘‘सर, पेंढा कुठं मिळेल?’’ सर खालच्या वस्तीकडे बोट दाखवतात : ‘‘विचारून आणा.’’ वस्तीवरचे काका पेंढा देतात, पैसे घेत नाहीत. त्याऐवजी सगळ्या टोळीकडून गोठ्यातलं शेण उचलून घेतात. संध्याकाळी मुलांनी त्याची नोंद ‘खरी कमाई’च्या, म्हणजे स्वकष्टाच्या कमाईच्या, रकान्यात केली तर सरांनी हरकत घेऊ नये.